सोसायटीतल्या उंच पामचे जुने बुडखे काढावेत की राहू द्यावेत?

घोडबंदरची_मीरा | २४ जानेवारी, सकाळी ९.१२

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे. बिल्डरने लावलेले पाम आता चांगले वाढलेत. गेटपाशी चार ट्रॅव्हलर्स पाम, क्लबहाउसच्या वाटेवर सहा फॉक्सटेल आणि लॉनच्या कडेला तीन खजुरासारखे, म्हणजे आपली शिंदी.

रविवारच्या मीटिंगमध्ये ठरलं की सगळी खोडं स्वच्छ करून घ्यायची. पान वाळून गेल्यावर त्याचा जो बुडखा खोडाला चिकटून राहतो, तो खरवडून काढायचा आणि खोड गुळगुळीत करायचं. ठेकेदाराने नमुना म्हणून एका शिंदीचं खोड पुरुषभर उंचीपर्यंत सोलून दाखवलं. सगळ्यांना आवडलं. फोटोही निघाले.

संध्याकाळी मी एकटी जाऊन जवळून पाहिलं. वरचे तपकिरी खवले गेलेत आणि खाली फिकट, ओलसर गाभा दिसतोय. बोट लावलं तर चिकट लागलं. दोन ठिकाणी कोयता चांगला दोन बोटं आत गेलाय. तिथून पाणी झिरपत होतं आणि मुंग्यांची रांग लागली होती. पोटात कालवलं अगदी.

उरलेल्या झाडांचं काम शनिवारी आहे. बुडखे काढणं मुळात बरोबर आहे का? असेल तर कुठपर्यंत? मी कमिटीत नाही, पण नीट माहिती घेऊन गेले तर ऐकतील.

---

वाडीवरचा | २४ जानेवारी, सकाळी ९.४०

आधी काम थांबवा. आता कामावर निघालोय, रात्री सविस्तर लिहितो. ओल्या जखमेच्या वासावर खोड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो, एवढं आत्ताच कमिटीला सांगा.

---

नेरुळकर_सुमेधा | २४ जानेवारी, सकाळी ११.०५

मीराताई, मी थोडं वेगळं सांगते. आमच्याकडे सेक्टरात ट्रॅव्हलर्स पामचे बुडखे कोणी काढतच नव्हतं आणि त्याचा त्रास आम्ही दोन पावसाळे भोगला. त्याच्या देठाचं बूड होडीसारखं खोलगट असतं, पाणी साठतं. म्हणून तर प्रवाशांचं झाड हे नाव. महापालिकेची धूरफवारणी व्हायची, कुंड्यांच्या ताटल्या तपासल्या जायच्या, पण डासांच्या अळ्या काही कमी होईनात. शेवटी माळीदादांनी शिडी लावून एका बुडख्यातलं पाणी पेल्यात घेतलं, तर पेला अळ्यांनी वळवळत होता. तळाशी कुजकी पानं आणि एक छोटा बेडूक.

तेव्हापासून वाळलेले बुडखे दरवर्षी काढतो. झाडांना काहीही झालेलं नाही. त्यामुळे सरसकट "काम थांबवा" हे मला पटत नाही. कुठलं झाड आहे ते बघून ठरवायला हवं.

---

खारघर_डोंगराखाली | २४ जानेवारी, दुपारी १.२०

सुमेधाताईंशी सहमत. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पंख्यासारख्या पानांचे वॉशिंग्टनिया आहेत. त्यांची वाळलेली पानं गळत नाहीत, खोडाभोवती परकरासारखी लोंबत राहतात. दिसायला छान वाटतं. मागे एका लक्ष्मीपूजनाला रॉकेट नेमकं त्यात शिरलं. काही क्षणांत खालून वरपर्यंत भडका! वॉचमनने आगीचा पाइप ओढून विझवलं, पण वरच्या मजल्याच्या बाल्कनीतले कपडे जळाले. झाड जगलं, कारण शेंडा वाचला. आता दसऱ्याच्या आत सगळा वाळलेला परकर उतरवतो.

---

कोपरीचा_बंड्या | २४ जानेवारी, दुपारी १.५०

ज्या नवी मुंबईत पाम बीच रोड आहे तिथल्या माणसांनाच पामचं विचारा. आम्हा ठाणेकरांना तलावांचं विचारा :)

---

वाडीवरचा | २४ जानेवारी, रात्री १०.३५

आता निवांत लिहितो. माझी वाडी रायगडात, नोकरी वाशीला. नारळ-पोफळीत वाढलोय.

मीराताई, आंब्याच्या खोडाला घाव बसला तर तो कडेने भरत येतो, काही वर्षांत वर साल धरते. कारण सालीच्या आत सतत नवा थर तयार करणाऱ्या पेशी असतात. पाम गवताच्या घराण्याकडून जवळचा. त्याला तसा थर नाही. खोड एकदा जेवढं जाड झालं ते झालं, आणि त्याला पडलेला घाव झाड मरेपर्यंत तसाच राहतो. वाडीतल्या जुन्या माडांवर आजोबांच्या वेळचे कोयत्याचे घाव अजून बोटाने चाचपता येतात.

म्हणून बुडखा काढायचा तो पूर्ण वाळलेला, आणि हाताने हलवल्यावर सुटणारा. ओढून येत नसेल तर त्याची वेळ झालेली नाही. जोर करून उपटला की खोडाची कातडी त्याच्याबरोबर येते. तुम्ही जे ओलसर बघितलंत ते हेच.

शिंदीचे बुडखे तर वर्षानुवर्षं राहतात. ते खोडाचं चिलखत समजा. शेंड्याजवळचे अजिबात छेडू नका. वाळलेली पानं कापायची तर वीतभर देठ ठेवून, सगळे एका मापात. मग खोडावर चौकटींची सुंदर नक्षी दिसते, कमिटीलाही आवडेल. पालघरकडे नीरेसाठी शिंदीवर चढणारे याच खुंटांवर पाय ठेवून चढतात.

दुसरं. माणसं बुटाला लोखंडी अणकुचीदार काटे बांधून चढणार असतील तर सरळ नाही म्हणा. प्रत्येक पावलाला एक भोक, आणि ते भोक बुजत नाही. शिडी लावा, उंच असेल तर हायड्रॉलिक गाडी मागवा. तोरणाच्या लायटिंगसाठी खोडात खिळे ठोकणं हाही तोच गुन्हा आहे.

---

घोडबंदरची_मीरा | २५ जानेवारी, सकाळी ८.०२

दादा, खूप आभार. सेक्रेटरींना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. शनिवारचं काम तूर्त थांबवलंय. खिळ्यांचं वाचून लाजच वाटली, गणपतीत आम्ही फॉक्सटेलला प्रत्येकी पाच-सहा ठोकले होते.

फॉक्सटेलबद्दल कोणी सांगेल का? त्यांचं खोड आधीच गुळगुळीत आहे, वर हिरवा दांडा आणि मग पानं.

---

पानाफुलात | २५ जानेवारी, सकाळी १०.१८

फॉक्सटेल मूळचा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा. तो आणि रॉयल पाम आपलं आपण आवरणारे. वरचा हिरवा दांडा म्हणजे खोड नाहीच, ती पानांच्या बुडांची घट्ट गुंडाळी आहे आणि तिच्या आत झाडाचा एकुलता एक कोंब. सगळ्यात बाहेरच्या पानाची वेळ झाली की त्याचं बूड पानाच्या विरुद्ध बाजूने उभं चिरतं, तपकिरी होतं आणि अख्खं पान सालपटासकट खाली येतं. मागे खोडावर एक वर्तुळ उरतं, बस्स. इथे कापण्यासारखं काही नाही. हिरवं असताना सालपट ओढलं तर आतली पांढरी, कोवळी गुंडाळी उघडी पडते.

फक्त रॉयल पामखाली गाड्या लावू नका. त्याचं पान तीन-चार मीटर लांब असतं आणि बुडासकट कित्येक किलोचं. आमच्या वसंत विहारमध्ये एका काकांच्या नव्या गाडीचं बॉनेट पोचलं. आता माळी खालून बघत राहतो. बूड चिरलेलं दिसलं की लांब बांबूला आकडी लावून हलकेच ओढतो. आलं तर आलं, नाहीतर दोन दिवसांनी परत.

---

माहेर_दापोली | २५ जानेवारी, सकाळी ११.३०

पानाफुलात, तुमच्या सालपटाने मला थेट अंगणात नेऊन सोडलं! पोफळीची विरी म्हणजे तेच ना? सुट्टीत धाकट्या भावंडाला विरीत बसवायचं आणि पान धरून वाडीभर ओढत पळायचं. पाटाच्या वळणावर हमखास सांडायचा तो.

---

नेरुळकर_सुमेधा | २५ जानेवारी, दुपारी १२.०५

अगं, आणि विरीचे द्रोण! आजी त्यात वाल भिजवायची. आमच्या सोसायटीत रॉयलची सालपटं गोळा करून मुलांनी गेल्या वर्षी होळीला मुखवटे केले. वाया घालवू नका कोणी.

---

ऐरोली_खाडीकाठ | २५ जानेवारी, दुपारी ३.४४

एक शंका. माझ्या ड्रॅसिनाचा शेंडा मी कापला तर खालून दोन छान फुटवे आले, झाड डेरेदार झालं. मग उंच वाढलेल्या पामचा शेंडा कापून तो बुटका करता येणार नाही का? आमच्याकडे एक फॉक्सटेल तारांना टेकतोय.

---

वाडीवरचा | २५ जानेवारी, संध्याकाळी ७.१०

नाही! कृपा करून नको. ड्रॅसिना आणि युक्काच्या खोडावर झोपलेले डोळे असतात, शेंडा गेला की जागे होतात. फॉक्सटेल, रॉयल, नारळ यांना एकच कोंब. तो गेला की झाड गेलं, दुसरी संधी नाही. अरेका पाम बेटाने वाढतो, त्याची एक काठी मुळापासून काढली तर बाकीच्या राहतात, पण त्या काठीलाही फुटवा येत नाही. तारांसाठी महावितरणला कळवा. माळ्याला तारांजवळ पाठवू नका, हिरवं पान हातात असताना तर नाहीच.

---

रुग्णसेवा_सानपाडा | २६ जानेवारी, सकाळी ९.५५

मी डॉक्टर आहे, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. शिंदी आणि खजुराच्या पानाच्या बुडाशी जी पाती असतात त्यांचे काटे होतात, सुईसारखे लांब आणि कडक. काटा बोटाच्या किंवा गुडघ्याच्या सांध्यात मोडला तर कधी दोन दिवसांत दुखणं थांबतं आणि काही आठवड्यांनी सांधा सुजतो. तोवर माणूस काटा विसरलेला असतो. एक्स-रेत तो बहुधा दिसतही नाही. एका माळ्याला मी साधं सांधेदुखीचं औषध देत राहिलो होतो. सोनोग्राफी केली तेव्हा काटा सापडला, आणि शस्त्रक्रिया करून काढला. त्याची दोन महिन्यांची रोजी बुडाली.

तेव्हा काम करणाऱ्याला चामड्याचे लांब हातमोजे आणि डोळ्याला गॉगल सोसायटीने द्यावा. मान वर करून कापताना भुसा आणि काटे सरळ डोळ्यात येतात. हा खर्च ठेकेदाराच्या गळ्यात मारू नका, तो मजुरापर्यंत पोचत नाही.

---

येऊरच्या_पायथ्याशी | २६ जानेवारी, सकाळी ११.२०

डॉक्टरसाहेब, फार महत्त्वाचं लिहिलंत.

माझी विनंती पाखरांसाठी. ताडाच्या आणि पंखा पामच्या लोंबत्या पानांखाली ताडपाकोळी राहते. मुठीत मावणारा पक्षी, दिवसभर हवेत. पिसं आणि कापूस लाळेने पानाला चिकटवून घरटं करते, अंडीसुद्धा चिकटवते, म्हणजे वाऱ्यात पान हललं तरी पडत नाहीत. खारघरच्या दादांचा आगीचा मुद्दा मान्य आहे, पण परकर उतरवण्याआधी पाच-दहा मिनिटं खाली उभं राहून बघा. पाकोळ्या आत-बाहेर करत असतील तर तेवढी पानं पिल्लं उडेपर्यंत ठेवा.

शिंदीच्या बुडख्यांमध्ये मात्र एक गोष्ट लगेच काढायची: पिंपळ, वड, उंबराची रोपं. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं, बुडख्यातल्या मातीत रुजतं. बोटभर असताना चिमटीत येतं. हातभर झालं की मुळं खोडाला विळखा घालतात आणि पुढे शिंदी आत गुदमरते.

---

खारघर_डोंगराखाली | २६ जानेवारी, दुपारी १२.४०

पाकोळ्यांचं माहीत नव्हतं. यंदा बघूनच काढू. शब्द दिला.

---

कळव्याचा_काका | २६ जानेवारी, दुपारी ४.१५

आमच्याकडे तीस वर्षं एकच पद्धत आहे. पावसाळ्याआधी सगळी खालची पानं छाटायची, वर चार-पाच ठेवायची, शेंडीसारखी. वारा अडत नाही, झाड पडत नाही. उगाच नाजूकपणा कशाला?

---

वाडीवरचा | २६ जानेवारी, रात्री ९.२५

काका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, यात झाडाचं नुकसान आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी वाडीत होतो. दिवेआगर, श्रीवर्धनकडे पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा भरली-छाटलेली असा भेद वादळाने केला नाही. पण जे माड उभे राहिले त्यात पानांची पूर्ण छत्री असलेले कितीतरी होते. बाहेरची पानं मधल्या कोवळ्या पानांना आधार देतात. ती काढली की मधला शेंडाच वाऱ्यात पिळवटतो.

आणि पान म्हणजे त्याचं अन्न. वर्षानुवर्षं शेंडी ठेवली की खोड वर जाताना बारीक होत जातं. तुमच्या जुन्या झाडांकडे लांबून बघा, मान बारीक झालेली दिसेल.

सोपं माप सांगतो. घड्याळात सव्वानऊ वाजले की काटे जसे आडवे होतात, त्या रेषेच्या वरचं एकही पान कापायचं नाही. खालचीही पूर्ण वाळलेलीच.

---

पानाफुलात | २६ जानेवारी, रात्री १०.०८

यात भर. खालची पानं अर्धवट पिवळी, नारिंगी ठिपक्यांची दिसली तरी कापू नका. बहुतेक वेळा ती पालाशची, म्हणजे पोटॅशची कमतरता असते. झाड जुन्या पानांतलं पालाश काढून नव्यांना देत असतं. तुम्ही ते पान कापलंत की झाड त्याच्या वरच्या पानातून घ्यायला लागतं आणि पिवळेपणा वर सरकतो. खत घाला, धीर धरा. पिवळी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, नवी निरोगी येतात.

---

कळव्याचा_काका | २७ जानेवारी, सकाळी ७.३०

मान बारीक झालीय खरी. आत्ताच खाली जाऊन बघून आलो. यंदा एका रांगेला तुमच्या मापाने करून बघतो.

---

नियमाने_चला | २७ जानेवारी, सकाळी १०.४५

कोणीच लिहिलं नाही म्हणून. महाराष्ट्रात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि महापालिकांचं वृक्ष प्राधिकरण त्याखालीच काम करतं. आवार सोसायटीचं असलं तरी छाटणीआधी महापालिकेकडे अर्ज करून घ्या, फोटो जोडा, झाडाचं नाव आणि संख्या लिहा. काम झाल्यावर परवानगी शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

---

घोडबंदरची_मीरा | २ फेब्रुवारी, रात्री ९.५०

वाईट बातमी. जी शिंदी सोलली होती तिच्या खोडावर आज दोन भोकं दिसली, करंगळी जाईल एवढी. तोंडाशी चावलेला, भुश्यासारखा चोथा आणि तपकिरी पाणी. आंबलेला वास येतो. वाडीवरचा दादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी खोडाला कान लावला. रात्रीची वेळ, रस्त्याचा आवाज कमी होता. आतून खरंच करकर ऐकू येतंय, कोणी सुका पाव चावावा तसं. मला रडू आलं.

---

वाडीवरचा | २ फेब्रुवारी, रात्री १०.१२

तो सोंड्याच. ती आतली अळी खातेय. तुम्ही स्वतः औषध ओतू नका. शेजारी क्लबहाउस आहे, लहान मुलं आहेत. कृषी पदवीधर किंवा झाडांवर उपचार करणारा माहीतगार बोलवा, तो भोक साफ करून औषध आत सोडेल आणि तोंड बंद करेल. रत्नागिरीजवळच्या भाट्याचं नारळ संशोधन केंद्र किंवा दापोलीचं कृषी विद्यापीठ, दोघांकडे या भुंग्यावर चांगली माहिती आहे.

आज करायच्या दोन गोष्टी. त्या झाडाला लावलेला कोयता दुसऱ्या झाडाला लावू नका. ब्लीचच्या पाण्यात बुडवून, धुऊन, मगच. आणि आवारात कुजक्या पानांचा, शेणखताचा ढीग असेल तर हलवा, त्यात गेंड्या भुंगा वाढतो. तो शेंड्यात शिरून कोवळं पान कातरतो, मग पान उघडतं तेव्हा कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं दिसतं. त्याने केलेल्या जखमेतून पुढे सोंड्या शिरतो.

झाड जगेल की नाही ते मधलं न उघडलेलं पान सांगेल. त्याच्यावर आणि शेजारच्या पानावर एका रेषेत खूण करा. मधलं वर सरकत राहिलं तर कोंब जिवंत आहे.

---

माहेर_दापोली | ३ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

मीराताई, आज घरी दिवा लावताना तुमच्या शिंदीची आठवण ठेवीन. कळवत राहा.

---

घोडबंदरची_मीरा | १६ मार्च, संध्याकाळी ६.३०

उशिरा लिहितेय, पण सगळं मार्गी लागेपर्यंत थांबले होते.

कमिटीने ठराव बदलला. ठेकेदाराचं काम बंद केलं, महापालिकेत अर्ज दिला, परवानगी आल्यावर आपल्या माळीदादांकडूनच काम करून घेतलं. मोजे आणि गॉगल आम्ही आणले. फॉक्सटेलना हात लावला नाही. खिळे मात्र आहेत तसे राहू दिले, कारण ओढून काढताना भोकं मोठी झाली असती. पुढच्या गणपतीला कापडी पट्ट्या बांधणार.

ट्रॅव्हलर्स पामचं काम मी शेजारी स्टुलावर उभी राहून पाहिलं. माळीदादा आधी बुडखा दोन्ही हातांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवत. सैल लागला तरच धारदार करवतीने खोडापासून चार बोटं सोडून कापत. कापलेली बाजू बघितली तर आत मधमाशीच्या पोळ्यासारखे हवेचे कप्पे, स्पंजसारखं हलकं! सुमेधाताई, तीन बुडख्यांत पाणी होतं, अळ्याही होत्या, बेडूक मात्र नव्हता. जे बुडखे हिरवे होते त्यांच्यातली पानं-माती काढून घेतली आणि ते ठेवले. एकूण वाळलेले एकवीस निघाले. खोडावर आता फिकट करड्या कड्या दिसताहेत आणि गेटपाशी येणारा प्रत्येक जण थांबून बघतो.

दोन चांगल्या शिंदींचे खुंट वीतभर ठेवून एका मापात घेतले. एकात पिंपळाची चार रोपं सापडली, ती आता कुंडीत आहेत. येऊरच्या दादा, कुठे लावू तेवढं सांगा.

आणि ती सोललेली. औषध दोनदा झालं. आता कान लावला तर काही ऐकू येत नाही. बाहेरची दोन पानं वाळली, खोडावरचा तो सोललेला भाग काळा-तपकिरी, कडक झालाय आणि तसाच राहणार हे आता माहीत आहे. माळीदादांनी तीन आठवड्यांपूर्वी मधल्या पानावर आणि शेजारच्या पानावर एका रेषेत पांढऱ्या रंगाची खूण केली होती. आज शिडीवर चढून त्यांनी वरूनच ओरडून सांगितलं, "ताई, मधली खूण चार बोटं वर गेली!"

---

वाडीवरचा | १६ मार्च, संध्याकाळी ६.५२

चार बोटं! मग कोंब जिवंत आहे. पावसाआधी परत एकदा खूण करा, आणि जूनपासून दर रविवारी खोडाला कान लावत जा.

---

येऊरच्या_पायथ्याशी | १६ मार्च, रात्री ८.२०

पिंपळाची चारही रोपं मला द्या. रविवारी सकाळी येतो न्यायला. आमच्या इथे मोकळ्या माळावर, भिंतींपासून लांब जागा आहे.